स्टीफन्सन विलायतेतच का घडला?

काही देशांत सारखे नवे शोध लागत असतात आणि काही देश ते विकत घेत असतात, असे का, हा विषय आपल्याकडे चार माणसे जमली की निघतोच. कोणी म्हणते त्यांच्याकडे पैसा आहे, कोणी म्हणते थंड हवेत माणूस जास्त काम करतो, कोणी आपल्या शिक्षणपद्धतीला नावे ठेवते. मी रेल्वेत रुळांच्या खात्यात, आमच्या भाषेत पी-वेला, नोकरी करतो. डिप्लोमा झाल्या झाल्या लागलो त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. त्यामुळे हा प्रश्न निघाला की मला सिद्धांत सुचत नाहीत, एक माणूस आठवतो. त्याचे नाव जॉर्ज स्टीफन्सन.

शाळेत आपण सर्वांनी पाठ केले आहे की वाफेच्या इंजिनाचा शोध जेम्स वॉटने लावला आणि आगगाडीचा जॉर्ज स्टीफन्सनने. एका मार्काची ही दोन्ही उत्तरे बरोबर धरली जातात, पण खरे पाहता दोन्ही चूक आहेत. वॉटच्या आधी न्यूकॉमेनचे इंजिन खाणीतले पाणी उपसत होते, आणि स्टीफन्सनच्या आधी रिचर्ड ट्रेव्हिथिकचे इंजिन रुळांवरून धावून गेले होते. पहिला नसलेला हा माणूस रेल्वेचा जनक कसा ठरला, यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे असे मला वाटते.

इंग्लंडच्या उत्तर भागात न्यूकॅसल शहराजवळ टाइन नदीच्या काठी वायलम नावाचे खेडे आहे. तिथे ९ जून १७८१ रोजी जॉर्जचा जन्म झाला. एका घरात चार कुटुंबे, प्रत्येकाला एक खोली. वडील खाणीतले पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकत. आईवडिलांपैकी कोणालाही लिहितावाचता येत नव्हते. घरासमोरून लाकडी रूळ गेलेले होते आणि त्यांवरून घोडे कोळशाचे डबे ओढत नेत. पोराने आधी गाई राखल्या, मग कोळशातले दगड वेचले, मग घोडा हाकला. सतराव्या वर्षी त्याच्या ताब्यात पंपाचे इंजिन आले, तेव्हाही त्याला अक्षरओळख नव्हती. सुटीच्या दिवशी तो इंजिन उघडून, पुसून, पुन्हा जोडत असे. त्या इंजिनांविषयी पुस्तकांत लिहिलेले असते हे कळल्यावर अठराव्या वर्षी तो रात्रीच्या शाळेत जाऊ लागला.

पुढची दहाबारा वर्षे कष्टाचीच गेली. १८०२ मध्ये लग्न झाले. पगार पुरेना म्हणून तो जोडे शिवी, लोकांची घड्याळे दुरुस्त करी. १८०३ मध्ये मुलगा रॉबर्ट झाला. नंतर एक मुलगी झाली ती तीन आठवड्यांत गेली आणि १८०६ मध्ये बायको क्षयाने गेली. वडील अपघातात आंधळे झाले, त्यांचा भार अंगावर आला. नेपोलियनशी युद्ध चालू होते, सैन्यभरतीत नाव निघाले, तेव्हा आपल्याऐवजी दुसरा माणूस पाठवण्यासाठी होती ती शिल्लक गेली. अमेरिकेला निघून जावे असेही त्याच्या मनात होते, पण प्रवासाचे पैसे नव्हते.

१८११ मध्ये किलिंगवर्थच्या खाणीत एक पंप बसवला होता, तो काही केल्या पाणी खेचेना. जाणकार येऊन पाहून गेले, खाण पाण्याखालीच राहिली. शेवटी या कामगाराला हात लावू दिला. त्याने यंत्र उतरवले, हवे तिथे बदल केले आणि काही दिवसांत खाण कोरडी झाली. मालकांनी बक्षीस दिलेच, पण पुढच्या वर्षी, १८१२ मध्ये, त्याला आपल्या खाणींच्या सगळ्या यंत्रांचा प्रमुख केले. पगार वर्षाला १०० पौंड, हाताखाली कारखाना, आणि नवे काही करून पाहायची मुभा. मालक काही साधुसंत नव्हते. खाण बुडाली की पैसे त्यांचे जात होते, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याची जात किंवा शाळा त्यांनी विचारली नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. काही वर्षांपूर्वी एका सेक्शनवर माझ्याकडे एक कीमन होता. रुळाला धरून ठेवणारी पँड्रॉल क्लिप पावसाळ्यात गंजून अडकते. हातोड्याने ठोकताना ती कधी उडते आणि नडगीवर बसते. या गृहस्थाने भंगारातल्या कमानपाट्याचा तुकडा आणि एक जाड स्क्रू घेऊन असे हत्यार बनवले की क्लिप न ठोकता निघू लागली. मी त्याचा नकाशा काढून वर पाठवला. वरून विचारणा आली, हे मान्यताप्राप्त नमुन्यात बसते का, आणि करणाऱ्याचे शिक्षण किती? दोन्हींची उत्तरे पाठवली. पुढे काही झाले नाही. कीमन निवृत्त झाला आणि हत्यार त्याच्या पिशवीतून घरी गेले. असो.

किलिंगवर्थला जॉर्जने १८१४ मध्ये आपले पहिले फिरते इंजिन बनवले. त्याचे नाव ब्लूचर, एका प्रशियन सेनापतीवरून ठेवलेले. चढावर तीस टन कोळसा ते ताशी चार मैलांनी ओढू शकले. हे एकाएकी सुचलेले नव्हते. ट्रेव्हिथिकने १८०४ मध्ये वेल्समधल्या पेनिडॅरनला दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे वाफेवर ओढून दाखवली होती, पण इंजिनाच्या वजनाने बिडाचे रूळ फुटत गेले. लीड्सजवळ १८१२ मध्ये मरे आणि ब्लेंकिन्सॉप यांनी दातेरी रूळ टाकून गाडी चालवली. खुद्द वायलमला, जॉर्जच्या जन्मगावी, हेडलीने १८१३ मध्ये इंजिन चालवले. एकाच्या चुका दुसरा पाहत होता, कधी उघडपणे, कधी कुंपणावरून.

हे सगळे तिथेच का, असे मी पूर्वी स्वतःलाच विचारत असे. एक कारण अगदी हिशेबाचे आहे. युद्धामुळे घोड्याचा दाणावैरण महाग झाला होता आणि खाणीच्या तोंडाशी कोळसा मातीमोलाने पडला होता. घोडा काढून इंजिन लावले तर पैसा वाचत होता. मजुरी स्वस्त आणि कोळसा महाग असलेल्या मुलखात हेच इंजिन कोणी फुकटही घेतले नसते. फ्रान्समध्ये कुन्योने १७६९-७० मध्येच तोफा ओढण्यासाठी वाफेची गाडी बनवली होती. कल्पना फ्रान्सला आधी सुचली. पण तिचे गिऱ्हाईक एकच, सरकारी लष्कर. लष्कराचा रस संपला आणि गाडी ठेवून देण्यात आली. आज ती पॅरिसच्या संग्रहालयात आहे. इंग्लंडात एका मालकाने नाही म्हटले तर पलीकडच्या खाणीचा मालक होता.

दुसरे कारण म्हणून पेटंटचा कायदा नेहमी सांगतात. इंग्लंडात १६२४ पासून नव्या शोधाला चौदा वर्षांचा हक्क मिळे. त्याचा फायदा झाला हे खरे, पण मला यात दोन्ही बाजू दिसतात. वॉटच्या १७६९ च्या पेटंटला संसदेने मुदत वाढवून दिली, ती १८०० पर्यंत चालली. उच्च दाबाची वाफ वॉटला धोक्याची वाटे, आणि त्याचा हक्क असेपर्यंत दुसऱ्यांची वाट अडलेली राहिली. ते पेटंट संपल्यावर चार वर्षांत ट्रेव्हिथिकची गाडी रुळांवर आली. म्हणजे हक्क मिळण्याइतकेच त्याने वेळेवर संपणेही महत्त्वाचे होते.

इंग्लंडात सगळे गुणांचे चाहते होते असे मात्र कोणी समजू नये. १८१५ मध्ये खाणीतल्या ज्वालाग्राही वायूचे स्फोट होऊन माणसे मरत होती. उघडी ज्योत घेऊन खाली उतरण्यावाचून इलाज नव्हता. जॉर्जने एक सुरक्षित दिवा बनवला आणि जिथे वायू फुसफुसत बाहेर येत होता तिथे तो स्वतः हातात घेऊन गेला. दिवा फसला असता तर हे चरित्र तिथेच संपले असते. त्याच सुमारास लंडनला प्रख्यात शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी त्याच कामाचा दिवा तयार केला. डेव्हींना २००० पौंडांचे बक्षीस मिळाले, जॉर्जला १०० गिनी, आणि वर चोरीचा आळ. शाळा न शिकलेला खाणीतला मिस्त्री असा शोध लावू शकतो हे लंडनच्या विद्वानांना पटेना. न्यूकॅसलच्या लोकांनी मात्र चौकशी करून त्याची बाजू घेतली आणि वर्गणी काढून त्याला १००० पौंड दिले. पुढे १८३३ मध्ये संसदेच्या समितीनेही दोघांचा हक्क सारखाच मानला. त्या भागातले खाणकामगार नंतरही जॉर्जचाच दिवा वापरत राहिले. हा घाव त्याच्या मनातून कधी गेला नाही. लंडनच्या पुस्तकी तज्ज्ञांविषयी त्याला जन्मभर अढी राहिली, कधी कधी नको तितकी.

पण मुलाच्या बाबतीत त्याने ही अढी आड येऊ दिली नाही. रॉबर्टला त्याने न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले, जायला गाढव घेऊन दिले. शहरात १७९३ पासून साहित्य आणि विज्ञानाची एक संस्था होती, तिथे मुलगा सभासद झाला. तो तिथली पुस्तके वाची आणि रात्री बापाला समजावून सांगे. पुढे काही महिने त्याला एडिंबरोच्या विद्यापीठातही पाठवले. यंत्रावर बसलेला बापाचा हात आणि मुलाचे गणित एका टेबलावर आले. आपल्याकडे ही दोन माणसे बहुधा दोन वेगळ्या वाड्यांत राहत आली आहेत.

१८२१ मध्ये एडवर्ड पीस या व्यापाऱ्याने स्टॉकटन ते डार्लिंग्टन रेल्वेसाठी संसदेकडून परवानगी मिळवली. गाड्या घोडेच ओढणार असे ठरले होते. जॉर्जने त्यांना किलिंगवर्थला नेऊन इंजिन दाखवले आणि पीसचे मत फिरले. या कामातली एक गोष्ट मला, रुळांचा माणूस म्हणून, फार मोठी वाटते. बिडाच्या सुधारलेल्या रुळाचे पेटंट विल्यम लॉश आणि जॉर्ज यांच्या नावावर १८१६ पासून होते. ते रूळ या मार्गावर घातले असते तर दोघांच्याही खिशात पैसे पडणार होते. पण बेडलिंग्टनच्या कारखान्यात बर्किनशॉने १८२० मध्ये घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटून काढले होते. बिडाचा रूळ जेमतेम तीनचार फुटांचा आणि ठिसूळ. हा पंधरा फुटांचा आणि चिवट. जॉर्जने कंपनीला घडीव रूळ घ्या असे सांगितले. लॉश भडकला आणि मैत्री तुटली. मार्गाचा मोठा भाग घडीव रुळांचा झाला. त्यांचे वजन होते यार्डाला २८ पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १४ किलो. आज आम्ही मुख्य मार्गावर मीटरला ६० किलोचा रूळ घालतो आणि २६० मीटरचे सलग पॅनेल वाघिणींवरून नेतो, पण पहिला सांधा कमी करण्याची अक्कल तिथली आहे.

२७ सप्टेंबर १८२५ रोजी हा मार्ग सुरू झाला. त्याआधी १८२३ मध्येच पीस, लाँगरिज आणि स्टीफन्सन पितापुत्रांनी न्यूकॅसलला फक्त इंजिने बनवण्याचा कारखाना काढला होता. त्याला एकोणीस वर्षांच्या रॉबर्टचे नाव दिले.

लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या वेळी मात्र फजिती झाली. मोजणीचे काम हाताखालच्या माणसांवर सोडले होते, त्यांच्या पातळ्या चुकल्या. १८२५ मध्ये संसदेच्या समितीपुढे विरोधकांच्या वकिलाने एकेक आकडा काढून त्याला पुरते उघडे पाडले. बोली गावंढळ, उत्तरे अडखळत. विधेयक फेटाळले गेले आणि कंपनीने त्याला काढून नामांकित रेनी बंधूंना आणले. १८२६ मध्ये परवानगी मिळाली, पण रेनींशी अटींवरून जमेना, तेव्हा काम पुन्हा जॉर्जकडे आले. एका जाहीर नापासीने माणूस कायमचा बाद झाला नाही, हे मी तिथल्या व्यवहाराचे एक लक्षण समजतो.

त्या मार्गावर चॅट मॉस नावाची दलदल आहे, काही ठिकाणी तीस फुटांहून खोल. आठवडेच्या आठवडे टाकलेला भराव गिळून ती पुन्हा सपाट दिसे. संचालकांचा धीर सुटत आला. जॉर्जने फांद्या आणि झुडपे विणून केलेले तट्टे अंथरले, त्यांवर भर टाकली आणि मार्ग अक्षरशः तरंगता ठेवला. काळ्या मातीत बसत जाणारा भराव ज्याने पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन पाहिला आहे, त्याला हे वाचताना काय वाटते ते सांगायला नको. त्या दलदलीवरून आजही गाड्या जातात.

मार्ग होत आला तरी गाडी कशाने ओढायची ते ठरेना. दोन मान्यवर अभियंत्यांनी अहवाल दिला की ठिकठिकाणी स्थिर इंजिने बसवून दोरांनी डबे ओढावेत. अहवाल मान्य करून सही केली असती तर कोणी दोष दिला नसता. संचालकांनी त्याऐवजी ५०० पौंडांचे बक्षीस लावले आणि ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिलच्या सपाट मार्गावर हजारो लोकांसमोर खुली परीक्षा ठेवली. अटी आधी छापलेल्या: वजन सहा टनांच्या आत, ठरलेला भार, ताशी किमान दहा मैल, सत्तर मैलांचे अंतर. एक जण तर पट्ट्यावर घोडा चालवणारे यंत्र घेऊन आला होता. लोकांचे आवडते इंजिन नॉव्हेल्टी, ब्रेथवेट आणि स्वीडनहून आलेल्या एरिक्सन यांचे. ते सुसाट पळाले आणि नळ फुटून थांबले. हॅकवर्थच्या इंजिनाचे सिलिंडर फुटले. स्टीफन्सनांचे रॉकेट तेवढे सगळे अंतर पुरे करून राहिले, आणि हलके असताना ताशी तीस मैलांच्या आसपास गेले. त्याच्या बॉयलरमध्ये २५ तांब्याच्या नळ्या होत्या. ही कल्पना कंपनीचा कारभारी हेन्री बूथ याची होती. फ्रान्समध्ये मार्क सेग्वँ यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे काढली होती, पण त्यांच्या देशात त्या घडीला रेनहिल नव्हते.

याच धावपळीतली एक गोष्ट. रॉबर्ट काही वर्षे दक्षिण अमेरिकेतल्या खाणींवर होता. १८२७ मध्ये परतताना कार्ताहेना बंदरात त्याला फाटक्या कपड्यांतला एक इंग्रज भेटला. तो ट्रेव्हिथिक होता. घरी जायला पैसे नव्हते, ते रॉबर्टने दिले. पहिली गाडी चालवणारा १८३३ मध्ये कफल्लक अवस्थेत वारला. त्याच्या पाठीशी ना पीस होता, ना कारखाना, ना घडीव रूळ. इंग्लंडनेसुद्धा सगळ्यांना सांभाळले नाही.

१५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग सुरू झाला. त्याच दिवशी माजी मंत्री हस्किसन रॉकेटखाली सापडून मरण पावले, तरी रेल्वे थांबली नाही आणि न्यूकॅसलची इंजिने देशोदेशी जाऊ लागली. जर्मनीतली पहिली रेल्वे १८३५ मध्ये न्यूरेंबर्ग ते फ्युर्ट अशी झाली. इंजिन स्टीफन्सनांचे, चालकही इंग्रज. पण १८४१ मध्ये बर्लिनला बोर्सिगने स्वतःचे इंजिन बनवले आणि १८५४ मध्ये त्याच्या कारखान्यातून पाचशेवे बाहेर पडले.

आता आपल्याकडे पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. मुख्य अभियंता जेम्स बर्कली हा रॉबर्ट स्टीफन्सनचाच शिष्य, आणि रॉबर्ट कंपनीचा सल्लागार. इंजिने लँकेशायरच्या व्हल्कन फौंड्रीतली. बोरघाट आपल्या हजारो मजुरांनी फोडला, त्यात कितीतरी मेले. पण जमीन मोजणाऱ्या आणि सुरुंग लावणाऱ्या या माणसांतून एखादा स्टीफन्सन वर यावा अशी सोयच नव्हती. कंपन्यांचे संचालक लंडनला. त्यांच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली, तूट आली तर ती भारतीय करदात्याने भरायची. काटकसरीची वा नव्या युक्तीची गरज कोणाला पडणार? जर्मनीला पहिल्या गाडीपासून बोर्सिगच्या इंजिनापर्यंत सहा वर्षे लागली. आपल्याकडे अजमेरचे पहिले मीटर गेज इंजिन १८९५ मध्ये आणि जमालपूरचे १८९९ मध्ये झाले, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक. अजमेर आणि जमालपूरच्या मिस्त्रींनी करून दाखवल्यावरही मागणी विलायतेलाच जात राहिली. चित्तरंजनचे पहिले इंजिन निघाले ते १९५० मध्ये. आपल्या माणसांत बुद्धी कमी होती असे म्हणणाऱ्यांना मी या तारखा दाखवतो.

जॉर्जने यातले फारसे काही पाहिले नाही. उतारवयात तो चेस्टरफील्डजवळ टॅप्टन हाउसला राहायला गेला. सर ही पदवी देऊ केली ती त्याने नाकारली. १८४७ मध्ये यांत्रिकी अभियंत्यांची संस्था निघाली तेव्हा पहिला अध्यक्ष तोच झाला. बाकीचा वेळ बागेत जाई. अननस आणि द्राक्षे कोणाची मोठी, यावरून त्याची शेजारच्या चॅट्सवर्थ इस्टेटीच्या जोसेफ पॅक्स्टनशी चढाओढ चाले. काकड्या वाकड्या येतात याचा त्याला भारी राग. खत बदलले, ऊन बदलले, काही जमेना. शेवटी न्यूकॅसलहून काचेच्या सरळ नळ्या करवून आणल्या आणि प्रत्येक कोवळी काकडी नळीत घातली. काकड्या सरळ आल्या, आणि पुढे १२ ऑगस्ट १८४८ रोजी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तो वारला.